विहीर-बोअरचं पाणी नासू नये म्हणून काय काय करायचं: शेतकरी, गावकरी आणि सोसायटीवाले, सगळ्यांसाठी

पाणी खारट लागायला लागलं, भांड्यावर पांढरा थर बसायला लागला, पोरांचं पोट वरचेवर बिघडायला लागलं की आपल्याकडे पहिला उपाय ठरलेला, हप्त्यावर आरओ मशीन. मशीन भिंतीला लागतं, विहिरीपासून दहा पावलांवरचा उकिरडा मात्र जागच्या जागी राहतो. माझं म्हणणं एवढंच की क्रम उलटा करा. आधी विहिरीचं किंवा बोअरचं तोंड, मग आजूबाजूचा शंभर-दीडशे फुटांचा परिसर, मग शेतातलं खत-औषध, आणि मशीन सगळ्यात शेवटी. जमिनीखालचं पाणी एकदा नासलं की ते धुऊन काढता येत नाही, नवीन घाण थांबवून पावसाळ्यांवर पावसाळे वाट बघायची एवढंच हातात उरतं.

आधी आपल्या पायाखाली काय आहे ते समजून घ्या

महाराष्ट्राचा 80 टक्क्यांपेक्षा जास्त भाग काळ्या पाषाणावर, म्हणजे बेसॉल्टवर आहे. वर थोडी माती, खाली मुरूम, त्याखाली कच्चा खडक आणि मग घट्ट पाषाण. या पाषाणात पाणी सगळीकडे भरलेलं नसतं, ते मुरमात आणि खडकाच्या भेगांत असतं, म्हणून तर एकाच बांधाच्या अलीकडे बोअर कोरडं जातं आणि पलीकडे दोन इंची पाणी लागतं. वाळूच्या जाड थरातून पाणी हळूहळू झिरपतं तेव्हा बरीच घाण वाटेत अडकते, भेगेत तसलं काही होत नाही. तडा गेलेल्या ओट्यावर दूध सांडल्यावर ते जसं थेट खाली जातं, तसंच शोषखड्ड्यातलं पाणी भेगेत शिरलं की सरळ शेजारच्या विहिरीत निघतं. कोकणात जांभा आहे, तोही भोकाभोकांचा, तिथे तर पहिल्या जोरदार पावसात विहिरीचा रंग बदललेला डोळ्यांनी दिसतो. अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात गाळाची जमीन आहे आणि पाण्यातला खार मुळातलाच आहे, तिथलं गणित वेगळं.

म्हणजे "पाणी काय जमिनीत गाळूनच येतं की" हे आपल्या भागात धरून चालायचं नाही.

पायरी 1: विहिरीभोवती एक फेरी मारा आणि कागदावर काढा

यात खर्च शून्य आहे तरी लोक हीच पायरी सोडतात. एक कोरा कागद घ्या, मधोमध विहीर किंवा बोअर काढा, उतार कुठून कुठे आहे त्याचा बाण काढा, आणि मग दिसेल ते सगळं मांडा. संडासाचा खड्डा, गोठा, उकिरडा, कपडे-भांडी धुवायची जागा, औषधं कालवायची जागा, डिझेल इंजिन, ओढा, जुनं बंद पडलेलं बोअर, शेजाऱ्याचं पोल्ट्री शेड, सगळं. प्रत्येकाचं अंतर पावलांनी मोजा, चालेल.

सार्वजनिक आरोग्यात उघड्या विहिरीसाठी धरलेलं किमान अंतर 15 मीटर आहे, म्हणजे साधारण 50 फूट, आणि विहीर घाणीच्या वरच्या अंगाला असावी. पण ते किमान झालं. भेगाळ खडकात मी तरी 100 फुटांच्या आत काही असेल तर कागदावर लाल गोल काढीन, आणि ते वरच्या अंगाला असेल तर अंतर कितीही असो, लाल गोलच. फेरी एकदा उन्हाळ्यात आणि एकदा भर पावसात मारा, कारण पाणी कुठून वाहत येऊन विहिरीच्या कडेला थांबतं ते पाऊस पडत असतानाच कळतं, मे महिन्यात सगळ्याच विहिरी शहाण्या दिसतात.

ग्रामपंचायतीच्या सार्वजनिक स्रोतांचं असंच सर्वेक्षण वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर होतं, त्यावरून गावाला हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड मिळतं. आपल्या गावाला कुठलं कार्ड आहे आणि का, ते ग्रामसेवकाला (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी) जाऊन विचारा. बऱ्याचदा कारण अगदी साधं असतं, व्हॉल्व्हच्या खड्ड्यात साचलेलं पाणी किंवा टीसीएल (ब्लीचिंग पावडर) संपलेलं.

पायरी 2: पाणी तपासा, पण नमुना नीट घ्या

चव आणि वास यावर जाऊ नका. नायट्रेटला ना रंग, ना वास, ना चव, आणि फ्लोराईडचंही तेच. पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं आणि तरी पिण्यालायक नसतं.

तपासणीला दोन वेगळे नमुने लागतात. रासायनिक तपासणीसाठी लिटर-दोन लिटरचा स्वच्छ प्लास्टिक कॅन, ज्याचं पाणी तपासायचं त्याच पाण्याने तीनदा विसळून घ्या, बोअर असेल तर मोटर दहा-पंधरा मिनिटं चालवून मगच भरा, नाहीतर पाईपात रात्रभर बसलेल्या पाण्याचा रिपोर्ट येतो. जंतूंच्या तपासणीसाठी मात्र घरची बाटली अजिबात नको, लॅबकडून निर्जंतुक बाटली आणायची, झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लागू द्यायचं नाही, बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवायची. शनिवारी दुपारी नमुना घेऊन सोमवारी लॅबला नेला तर तो फेकून दिल्यासारखाच.

कुठे नेणार? भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा आणि उपविभागीय प्रयोगशाळा आहेत, तिथे खासगी नमुनाही फी भरून देता येतो. शिवाय जलजीवन मिशनमध्ये गावोगाव फील्ड टेस्ट किट दिलेत आणि गावातल्या पाच महिलांना ते वापरायचं ट्रेनिंग द्यायचं असं ठरलेलं आहे, तुमच्या गावात किट पंचायतीच्या कपाटात धूळ खात असेल तर बाहेर काढायला लावा. एच-टू-एस ची छोटी बाटली मिळते, तिच्यात पाणी भरून एक-दोन दिवस ठेवायची, काळी पडली तर पाण्यात मैल्याचे जंतू असण्याचा दाट संशय. हा प्राथमिक अंदाज झाला, पक्कं लॅबच सांगणार.

वर्षातून दोनदा तपासा, एकदा मे मध्ये आणि एकदा पाऊस संपल्यावर ऑक्टोबरमध्ये. एकाच वेळेला तपासून कळत नाही की घाण पावसाबरोबर येतेय की कायमची मुरलीय.

पायरी 3: रिपोर्ट वाचायला शिका

लॅबवाला कागद हातात देतो, खाली "पिण्यास योग्य" किंवा "अयोग्य" असा शिक्का, आणि आपण तेवढंच वाचतो. खरी गोष्ट आकड्यांत असते. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक म्हणजे आयएस 10500, त्यातले हे आकडे लक्षात ठेवा: नायट्रेट लिटरला 45 मिलिग्रॅमच्या वर नको, यात सवलत नाही. फ्लोराईड 1 पर्यंत चांगलं, दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 पर्यंत. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, 500, दुसरा स्रोत नसेल तर 2000 पर्यंत. क्लोराईड 250, तसंच ताणून 1000. आणि ई-कोलाय, म्हणजे मैल्यातले जंतू, 100 मिलिलिटरमध्ये एकही नको.

आता हे एकत्र वाचायचं. नायट्रेट जास्त, क्लोराईडही आजूबाजूच्या विहिरींपेक्षा जास्त आणि वर ई-कोलाय सापडले, तर बोट संडासाकडे किंवा गोठ्याकडे दाखवायचं. नायट्रेट जास्त पण जंतू नाहीत आणि विहीर उसाच्या किंवा भाजीपाल्याच्या मधोमध, तर खताचा संशय आधी घ्या. पावसाळ्यात पाणी गढूळ आणि जंतू, उन्हाळ्यात स्वच्छ, तर वरचं पाणी तोंडातून किंवा बांधकामाच्या फटीतून आत येतंय. नुसतं फ्लोराईड जास्त, जसं यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही भागात सापडतं, तर ते खडकातलंच आहे, तुमच्या शेजाऱ्याशी भांडून काही उपयोग नाही, पिण्यासाठी दुसरा स्रोत बघायचा.

आणि एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. पाणी उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटल्यामुळे थोडं वाढतंच. बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळासाठी असं पाणी उकळून पावडर कालवली तर रक्तातली ऑक्सिजन वाहून न्यायची ताकद कमी होते, बाळ निळसर पडतं. नायट्रेट वाढलेलं असेल तर बाळाचं पाणी आजपासून वेगळं करा, बाकीची कामं सावकाश होतील. आरओने नायट्रेट बरंच कमी होतं, म्हणून मशीनला माझा विरोध नाही, पण त्याचं वाया जाणारं पाणी परत विहिरीच्याच कडेला सोडलेलं मी पाहिलंय, ते तेवढं टाळा.

पायरी 4: विहिरीचं तोंड आणि बोअरचं केसिंग

उघड्या विहिरीला जमिनीवर अडीच फूट तरी कठडा पाहिजे, भोवती किमान एक मीटर रुंदीचा सिमेंटचा ओटा बाहेरच्या बाजूला उतार देऊन, आणि ओट्यावरचं पाणी लांब नेणारी गटार. विहिरीचं बांधकाम वरून साधारण 20 फुटांपर्यंत पाणी न झिरपणारं असावं, कारण सगळ्यात घाण पाणी असतं ते वरच्याच थरातलं. जुन्या दगडी विहिरी सुंदर असतात पण त्यांचे सांधे मोकळे झालेले असतात, पिंपळ-उंबराची मुळं आत शिरून दगड सरकलेले असतात, तिथून पावसाळ्यात धारा लागलेल्या दिसतात. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की वरच्या टप्प्याचे सांधे सिमेंटने भरून घ्या, वरून जाळी टाका.

विहिरीत उतरायचं असेल तर मात्र सांभाळून. बरेच दिवस बंद असलेल्या किंवा अरुंद खोल विहिरीत विषारी वायू साचलेला असू शकतो, प्राणवायू कमी असतो, आणि एक खाली पडला की दुसरा वाचवायला उतरतो आणि दोघेही जातात. डिझेल इंजिन विहिरीच्या आत कधीच लावू नका. काम माहीतगार माणसालाच द्या, कमरेला दोर आणि वर माणसं पाहिजेतच.

बोअरचं दुखणं वेगळं, ते दिसत नाही. बोअरची गाडी आली की सगळ्यांचं लक्ष पाणी किती लागतंय याच्याकडे, केसिंग, म्हणजे बोअरच्या वरच्या भागात बसवायचा पाईप, किती फूट उतरवलं याकडे मालकाचं लक्ष नसतं. मुरूम संपून घट्ट खडक लागेपर्यंत केसिंग पाहिजे आणि त्यात पाच-सात फूट नीट बसलेलं पाहिजे. केसिंगच्या बाहेर जी पोकळी राहते ती बहुतेक वेळा गाडीने उडवलेल्या चुऱ्यानेच बुजवली जाते, आणि हीच पोकळी म्हणजे वरच्या घाण पाण्याला खाली उतरायचा जिना. तिथे सिमेंटची पातळ स्लरी ओतून घ्या, गाडी दारात उभी असतानाच घ्या, एकदा गाडी गेली की कोणी परत येत नाही. केसिंग जमिनीच्या वर दीड-दोन फूट ठेवा, पूर येणाऱ्या जागी त्याहून वर, भोवती सिमेंटचा ओटा, आणि वर घट्ट झाकण. केबल आणि पाईप जिथून आत जातो ते भोकही बंद करा. गोणपाट कोंबून वर दगड ठेवलेला, हे झाकण नव्हे.

पायरी 5: संडास, गोठा, उकिरडा

शोषखड्डा किंवा सेप्टिक टँकचं बाहेर पडणारं पाणी हा गावठाणातल्या विहिरींचा सगळ्यात मोठा शत्रू आहे असं माझं मत आहे, खतापेक्षाही. दोन खड्ड्यांचा संडास असेल तर एका वेळी एकच खड्डा चालू ठेवायचा, भरला की दुसरा, आणि पहिला किमान वर्षभर बंद ठेवून मगच उपसायचा. खड्ड्याचा तळ भर पावसाळ्यातल्या भूजल पातळीच्या किमान दोन मीटर वर पाहिजे. आपल्या भागात ऑगस्टमध्ये पाणी सहा-सात फुटांवर येत असेल आणि खड्डा दहा फूट खोल घेतला असेल (गवंडी "खोल घेतला की लवकर भरत नाही" म्हणून हौसेने घेतो) तर मैला सरळ पाण्यात बसतो. उथळ आणि रुंद खड्डा घ्या. पाणी वर असलेल्या भागात जमिनीच्या वर उचलून बांधा.

सेप्टिक टँक असेल तर तो दोन-तीन वर्षांनी उपसून घ्यायचा असतो, भरून वाहायला लागल्यावर नाही. आणि उपसणारा टँकर तो मैला कुठे नेऊन ओततो ते विचारा, कारण ओढ्यात ओतला तर तो फिरून आपल्याच विहिरीत येणार.

गोठ्यात मूत आणि धुण्याचं पाणी एका गटारीने पक्क्या टाकीत घ्या, ते पाणी पातळ करून पिकाला देता येतं, फुकटचं नत्र आहे ते. उकिरडा विहिरीच्या खालच्या अंगाला, तळाला चिकणमाती ठोकून किंवा फरशी टाकून, भोवती बांध घालून, आणि पावसाळ्यात वरून जुना ताडपत्रीचा तुकडा. जमत असेल तर गोबरगॅस हा सगळ्यात चांगला मार्ग, फक्त त्याची स्लरीही उघड्यावर विहिरीकडे वाहू द्यायची नाही.

पायरी 6: खत, आणि एका युरियाच्या गोणीचा हिशोब

इथे जरा थांबून गणित करू, कारण "जास्त टाकलं तर काय बिघडलं" हे वाक्य मी फार ऐकतो.

युरियाची गोण 45 किलोची, त्यात 46 टक्के नत्र, म्हणजे साधारण 20.7 किलो. हे सगळं नत्र नायट्रेट होऊन पाण्याबरोबर खाली गेलं असं धरलं तर साधारण 92 किलो नायट्रेट झालं. लिटरला 45 मिलिग्रॅम ही मर्यादा धरली तर एवढं नायट्रेट 20 लाख लिटर शुद्ध पाण्याला मर्यादेच्या काठावर आणायला पुरतं. आता 20 फूट व्यासाची, 30 फूट पाणी असलेली विहीर घ्या, तिच्यात साधारण 2 लाख 67 हजार लिटर पाणी असतं. म्हणजे एक गोण, सात विहिरी. प्रत्यक्षात सगळं नत्र खाली जात नाही, पीक घेतं, काही हवेत उडतं, पण पिकाच्या गरजेच्या वर जे टाकलं त्यातलं बरंचसं याच वाटेने जातं.

उसाचंच बघा. सुरू उसाला, म्हणजे हिवाळ्यात लावलेल्या उसाला, हेक्टरी 250 किलो नत्राची शिफारस आहे, म्हणजे एकरी 100 किलो, म्हणजे नुसत्या युरियातून द्यायचं म्हटलं तरी पाच गोणींना थोडं कमीच. त्यातही डीएपी (नत्र-स्फुरदाचं खत) टाकलं असेल तर त्याच्यातलं 18 टक्के नत्र यातून वजा करायचं, ते कोणी करतच नाही. आणि हे एकदम नाही द्यायचं: लागणीला 10 टक्के, सहा ते आठ आठवड्यांनी 40, बारा ते सोळा आठवड्यांनी 10 आणि मोठ्या बांधणीला 40. लागणीलाच निम्मं खत ओतून वर सरी भरून पाणी सोडलं तर ते खत तुमच्या उसाने नाही, विहिरीने खाल्लं.

तर करायचं काय? माती परीक्षण करा आणि त्याप्रमाणे मात्रा कमी-जास्त करा. हवामान खात्याने जोराचा पाऊस सांगितला असेल तर खत दोन-चार दिवस पुढे ढकला, टाकून पाऊस झाला तर पैसेही गेले. वाफशावर, म्हणजे जमिनीत ओल आहे पण चिखल नाही अशा वेळी, खत द्या, मातीआड करा. पाट पाण्यापेक्षा ठिबकने थोडं थोडं दिलेलं खत मुळाशी राहतं, पण ठिबकनेही खत आधी द्यायचं आणि मग तासन्‌तास नुसतं पाणी सोडायचं असं केलं तर परत तेच, खत संपल्यावर लॅटरल (ठिबकच्या नळ्या) धुवायला दहा-पंधरा मिनिटं पुरतात. शेणखत, हिरवळीचं खत दिलंय तर रासायनिक नत्र तेवढं कमी करा. आणि विहिरीभोवती 25-30 फूट पट्टा गवताचा सोडा, तिथे खत नाही, तणनाशक नाही. त्या पट्ट्यातलं गवत जनावरांना होतंच, नुकसान काहीच नाही.

पायरी 7: फवारणी, आणि लाईट गेल्यावर बोअरमध्ये काय उतरतं

द्राक्ष, डाळिंब, टोमॅटो, कापूस, कुठलंही पीक घ्या, औषध कालवायची जागा बहुतेक ठिकाणी विहिरीचा ओटाच असतो, कारण पाणी तिथेच. दोनशे लिटरचा ड्रम, त्यात औषध, वरून मोटरचा पाईप सोडलेला, पाईपाचं तोंड ड्रमातल्या पाण्यात बुडालेलं. आणि लाईट जाते. शेतीची लाईट कधी जाईल सांगता येत नाही. मोटर बंद झाली की पाईपातलं पाणी उलटं बोअरकडे ओढलं जातं, आणि पाईपाचं तोंड बुडालेलं असेल तर ड्रमातलं औषधाचं पाणीही त्याच्या मागे. खाली फूटव्हॉल्व्ह (पाणी उलटं जाऊ न देणारी झडप) असतो की, असं म्हणाल, तर फूटव्हॉल्व्हमध्ये काडीकचरा अडकून तो किती वेळा नीट बसत नाही हे सकाळी मोटर प्रायमिंग करणाऱ्याला विचारा. ठिबकच्या व्हेंचुरीचं (खत ओढून पाण्यात मिसळणाऱ्या नळीचं) आणि खताच्या टाकीचंही अगदी हेच, ड्रमात विद्राव्य खत, लाईट गेली, आणि खत बोअरमध्ये.

यावर उपाय स्वस्त आहे. मेन लाईनवर, व्हेंचुरीच्या आधी, चांगल्या कंपनीचा नॉन रिटर्न व्हॉल्व्ह (एनआरव्ही) बसवा आणि सीझनला एकदा उघडून बघा. ड्रम भरताना पाईपाचं तोंड पाण्याच्या वर वीतभर लटकतं ठेवा, तारेने बांधून टाका म्हणजे विसरायला नको. आणि कालवायची जागा विहिरीपासून निदान शंभर फूट लांब न्या, पाणी टाकीत भरून तिथे घेऊन जा. थोडी जास्त ढोरमेहनत आहे, मान्य.

औषधाचा डबा रिकामा झाला की तीनदा विसळा आणि ते विसळलेलं पाणी फवारणीच्याच टाकीत ओता, वाया जाणारं काही नाही. मग डब्याला भोकं पाडा म्हणजे घरात तेल-पाणी ठेवायला कोणी नेणार नाही. डबे विहिरीत, ओढ्यात, बांधावर फेकायचे नाहीत. पंप, ब्लोअर धुतलेलं पाणी त्याच पिकावर मारून संपवा, एका जागी ओतू नका. तणनाशकांत ॲट्राझिन, जे उसात आणि मक्यात सर्रास मारतात, ते पाण्याबरोबर खाली जाणारं आहे, ते लेबलवर लिहिल्यापेक्षा जास्त मारू नका आणि मोठ्या पावसाच्या तोंडावर तर नकोच.

इंजिनाचं जुनं ऑईल विहिरीच्या कडेला ओतायची सवयही मोडा. डब्यात साठवून गॅरेजवाल्याला द्या.

पायरी 8: पुनर्भरण चांगलं, पण कुठलंही पाणी आत सोडू नका

विहीर आणि बोअर पुनर्भरणाची आता बरीच हवा आहे, आणि ती चांगलीच आहे. पण शेतातून वाहत आलेलं पहिल्या पावसाचं पाणी, ज्यात उन्हाळाभराचं खत, औषध, शेण सगळं असतं, ते पाईपाने थेट बोअरमध्ये सोडणं म्हणजे घाणीला लिफ्ट देणं. घराच्या छताचं पाणी सगळ्यात चांगलं, तेही पहिल्या एक-दोन पावसांचं बाहेर काढून टाका. शेतातलं पाणी घ्यायचंच असेल तर आधी गाळ बसायची टाकी, मग मोठे दगड, खडी, वाळू अशा थरांचा गाळणखड्डा, आणि वाळूचा वरचा थर दरवर्षी काढून धुऊन टाका. हेही लक्षात घ्या की वाळूने गाळ अडतो, नायट्रेट आणि विरघळलेलं औषध अडत नाही. द्राक्षबागेतून किंवा फवारणीच्या कापसातून येणारं पाणी मी तरी बोअरमध्ये घेणार नाही, ते शेतात सलग समतल चर काढून मुरवीन, मातीतून जाऊ दे. पिण्याच्या बोअरला तर थेट पुनर्भरण नकोच.

पायरी 9: बंद पडलेली बोअर आणि विहिरी

फेल गेलेलं बोअर उघडं ठेवणं म्हणजे दोन धोके. पोरं पडतात, आणि घाण सरळ खोल थरात जाते, शंभर-दोनशे फुटांचा प्रवास मिनिटात. पोरं पडायच्या घटनांनंतर सुप्रीम कोर्टाने 2010 मध्ये सूचना दिल्या, त्यात आहे की सोडून दिलेलं बोअर तळापासून जमिनीपर्यंत माती, वाळू, दगडगोटे, बोअरचा चुरा यांनी भरून बंद करायचं. वापरात असलेल्याला केसिंगभोवती सिमेंटचा ओटा आणि वर वेल्डिंगची प्लेट किंवा नटबोल्टचं झाकण. भरताना वरचे दहा-पंधरा फूट चिकणमाती ठोकून भरा म्हणजे पावसाचं पाणी तिथून उतरणार नाही. प्लास्टिक, राडारोडा, मेलेली जनावरं यांनी भरायचं नाही, हे सांगायला लागू नये पण लागतं, कारण कित्येक गावांत जुन्या विहिरीची कचराकुंडी झालेली आहे आणि तिच्या शेजारीच नवीन बोअर.

पायरी 10: शहरातल्या सोसायट्या

पुण्यात जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रोड भागात जीबीएसचे (गियान-बारे सिंड्रोम, नसांवर हल्ला करणारा आजार) पेशंट एकदम वाढले तेव्हा पाण्यावर संशय गेला आणि विहिरी, टँकर, खासगी आरओ प्लांट सगळ्यांची तपासणी सुरू झाली. तोवर आपल्या नळाला येणारं पाणी विहिरीचं की धरणाचं हे कितीतरी लोकांना ठाऊकही नव्हतं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये तीन गोष्टी विचारा: बोअरचं पाणी शेवटचं कधी तपासलं, ड्रेनेजची लाईन आणि चेंबर बोअरपासून किती लांब आहे, आणि पावसाळी पाण्याच्या खड्ड्यात पार्किंग धुतलेलं पाणी जातं का. तिसऱ्याचं उत्तर बहुतेक वेळा "हो" असतं. बोअर आणि पालिकेच्या पाण्याची टाकी वेगळी ठेवा.

पायरी 11: पूर आला, विहीर बुडाली, तर

कोल्हापूर-सांगलीने 2019 आणि 2021 ला हे भोगलंय. पूर ओसरला की आधी मोटर-केबल वायरमनकडून तपासून घ्या. विहिरीतलं पाणी टप्प्याटप्प्याने उपसा, भोवतालची जमीन पाण्याने फुगलेली असताना एकदम तळापर्यंत उपसली तर बांधकाम आत ढासळू शकतं. गाळ काढा, मग टीसीएल.

रोजच्या शुद्धीकरणाला 1000 लिटरला अडीच ते पाच ग्रॅम टीसीएल धरतात, पावडर जुनी असेल तर पाचच्या बाजूला. प्लास्टिकच्या बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या, वरचं निवळ पाणी विहिरीत टाका, तासभर थांबा, मग ओटी टेस्टमध्ये, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलंय का ते बघायच्या तपासणीत, पिवळा रंग येतोय का बघा. पुरात बुडालेल्या बोअरला मोठा डोस लागतो, 1000 लिटरला साधारण 150 ग्रॅम. साडेसहा इंची बोअरमध्ये दर फुटाला साडेसहा लिटर पाणी असतं, म्हणजे 200 फूट पाणी उभं असेल तर 1300 लिटर, आणि टीसीएल 200 ग्रॅमच्या आसपास. टाकून, नळ उघडून वास येईपर्यंत पाणी फिरवा, रात्रभर तसंच ठेवा, दुसऱ्या दिवशी वास जाईपर्यंत उपसून बाहेर काढा, पिकात किंवा ओढ्यात सोडू नका. तोवर पिणं बंद. टीसीएल कधीही संडासाच्या ॲसिडबरोबर एकत्र ठेवायचं नाही, विषारी वायू होतो.

पायरी 12: घाण बाहेरून येत असेल, आणि भावकीची विहीर असेल

वरच्या अंगाला डिस्टिलरीचं स्पेंटवॉश (दारू-अल्कोहोल कारखान्याचं सांडपाणी) सोडलंय, डाईंगचं रंगीत पाणी ओढ्यात येतंय, पोल्ट्रीचा खत डोंगर लावलाय, अशा वेळी एकट्याने जाऊन भांडण्यात अर्थ नाही. तारखेसह फोटो काढा, कुठल्या विहिरी बिघडल्या त्याचा नकाशा तोच पहिल्या पायरीचा कागद, जुने रिपोर्ट जोडा, ग्रामसभेत ठराव घ्या आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयाला लेखी द्या, पोच घ्या. नमुना मंडळाच्या माणसांनी पंचांसमोर घेतलेला असू दे, आपण एकट्याने नेलेल्या बाटलीवर समोरचा लगेच शंका घेतो. 2014 पासून राज्यात भूजलाचा नवा कायदा लागू आहे, त्यात पाण्याची गुणवत्ता राखायचाही भाग आहे, ठरावात त्याचा उल्लेख करा. घाण येण्याआधीचा एक तरी रिपोर्ट फायलीत असेल तर केस उभी राहते, नसेल तर "पाणी आधीपासूनच असं होतं" म्हणून विषय संपतो.

सामाईक विहिरीचं दुखणं वेगळंच. सातबाऱ्यावर चौघांचा हिस्सा, पाळी सगळ्यांना पाहिजे, पण कठड्याचा खर्च कोणी काढायचा यावर तीन-तीन वर्षं बैठक बसत नाही. यातून निघायचा एक मार्ग म्हणजे खर्च हिश्श्यावर नाही तर पाळीच्या तासांवर वाटायचा, ज्याचे तास जास्त त्याचे पैसे जास्त, आणि तो मोटरच्या बिलाबरोबरच दर महिन्याला थोडा थोडा गोळा करायचा. लॅबची फी, एनआरव्ही, टीसीएल सगळं त्याच डब्यातून. वही एकाकडे, पैसे दुसऱ्याकडे, आणि लॅबचा रिपोर्ट मोटरच्या पेटीच्या दाराला आतून चिकटवलेला, म्हणजे पाळीला येणारा प्रत्येक जण बघतो.